पिकांची फेरपालट : हिशेब एका हंगामाचा की तीन सालांचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मृग निघण्याच्या सुमारास मराठवाड्यातील अथवा वऱ्हाडातील कोणत्याही गावी बी-बियाण्याच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहिले, तर एकच प्रश्न पुनःपुन्हा कानी पडतो : यंदा कशाला भाव राहील? तीन एकरांचा धनी हा प्रश्न विचारतो, तीस एकरांचाही विचारतो. परंतु याच गावांत एके काळी पेरणीपूर्वी दुसराही एक प्रश्न विचारला जात असे : या वावरात गेल्या साली काय होते? म्हणजेच, या जमिनीला बेवड कशाचा आहे? तुरीचा बेवड चांगला, हरभऱ्याचा चांगला, ज्वारी जमीन ओढून घेते, तिच्यामागून येणाऱ्या पिकाला खत अधिक लागते, हे ज्ञान कोणत्याही विद्यापीठाने दिलेले नव्हते. ते वापरातून आलेले होते. पहिला प्रश्न बाजाराचा आहे, दुसरा जमिनीचा. गेल्या चार दशकांत पहिल्या प्रश्नाने दुसऱ्याला जवळजवळ गिळून टाकले. हे कसे घडले, त्यात छोट्या शेतकऱ्याचे काय गेले आणि ते परत मिळविण्यासाठी काय करावे लागेल, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम ज्याच्याविषयी बोलावयाचे तो शेतकरी कोण, हे स्पष्ट असलेले बरे. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी वहितीखाते ४.२८ हेक्टरांचे होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरांवर आले. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेले अल्प व अत्यल्प भूधारक आज शंभरात सुमारे ऐंशी आहेत. ओलिताची सोय राज्याच्या पिकाखालील क्षेत्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याला आहे. तेव्हा कोरडवाहू छोटा शेतकरी हा महाराष्ट्राच्या शेतीतील अपवाद नसून तोच नियम आहे. त्याच्यासाठी जे धोरण नाही, ते महाराष्ट्राच्या शेतीचे धोरण नव्हे.

आता त्याच्या वावरात झालेला पालट पाहावा. १९८०-८१ च्या सुमारास राज्यात खरीप व रब्बी मिळून साठ लाख हेक्टरांहून अधिक जमीन ज्वारीखाली होती, आणि सोयाबीनचे नावही बहुतेकांना ठाऊक नव्हते. २०२३ व २०२४ च्या खरिपांत सोयाबीनखालील क्षेत्र ५० लाख हेक्टरांच्या आसपास होते, आणि ज्वारी तिच्या जुन्या विस्ताराच्या एक तृतीयांशाच्या घरात येऊन पोहोचली होती. या पालटाबद्दल शेतकऱ्याला दूषणे देणे अन्यायाचे होईल. सोयाबीन शंभर दिवसांत निघते, मळणीयंत्रावर एका दिवसात मोकळे होते आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर हाती रोख पैसा देते. खरिपाची ज्वारी मात्र ऐन कणसात पावसात सापडली की काळी पडते, पाखरे राखावी लागतात, कापणीला माणसे मिळत नाहीत, आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यापासून तिला गावातही गिऱ्हाईक उरले नाही. शेतकऱ्याने जे केले ते त्याच्यापुढे मांडलेल्या हिशेबाप्रमाणे केले. प्रश्न असा आहे, की तो हिशेबच अपुरा नव्हता काय?

तुलना कशाशी करावयाची?

दोन पीकपद्धतींची तुलना करताना बहुधा एकाच हंगामातील एकरी उत्पन्न व एकरी नफा पाहिला जातो. ही मोजपट्टी कारखान्याला चालेल. जमीन मात्र यंत्राप्रमाणे दरवर्षी सारखी उभी नसते; एका सालचे पीक हे पुढल्या सालच्या पिकाची पूर्वतयारी अथवा पूर्वहानी असते. यास्तव पीकपद्धतीचा हिशेब किमान एका पूर्ण फेरीचा, म्हणजे तीन सालांचा, धरला पाहिजे. त्यात चार गोष्टी मोजावयास हव्यात : जमिनीच्या दर एकरामागे वर्षभरात निघालेले एकूण उत्पन्न, खर्च वजा जाता उरणारा नफा, वाईट वर्षी घर बुडण्याचा धोका, आणि फेरी संपल्यावर जमिनीची उरलेली ताकद.

विविधतेचे प्रकारही दोन आहेत. एक कालातील : यंदा कापूस, पुढल्या साली ज्वारी, तिसऱ्या साली सोयाबीन व त्यामागून हरभरा. याला फेरपालट म्हणतात. दुसरा जागेतील : एकाच वावरात कापसाच्या अथवा ज्वारीच्या काही ओळींमागे तुरीची ओळ. हे आंतरपीक. मोठ्या शेतकऱ्याला पहिला प्रकार सोपा जातो. छोट्याला दोन्हींची सांगड घालावी लागते. कारण तीन एकरांपैकी एकेक एकर आळीपाळीने फिरवावयाचा आणि त्या एकरातही दोन पिके बसवावयाची, याखेरीज त्याला वाव नसतो.

पुरावा काय सांगतो?

या प्रश्नावरील उत्तम पुरावा महाराष्ट्राच्या अगदी शेजारी, हैदराबादजवळच्या पटानचेरू येथे गोळा झालेला आहे. अर्धकोरडवाहू प्रदेशातील पिकांवर संशोधन करणारी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था तेथे १९७२ साली स्थापन झाली. १९७६ पासून तेथील खोल काळ्या जमिनीवर दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवून तुलना चालविण्यात आली. एका बाजूस रूढ पद्धत : पावसाळ्यात जमीन मोकळी ठेवून रब्बीत ज्वारी किंवा हरभरा. दुसऱ्या बाजूस सुधारित पद्धत : रुंद वाफे व सऱ्या पाडून पाण्याचा निचरा, बेताचे खत, सुधारित बियाणे आणि ज्वारी-तूर यांसारख्या पिकांची जोडी वा साखळी. तीस वर्षांच्या सरासरीत पहिल्या पद्धतीचे धान्योत्पादन हेक्टरी एक टनाहून थोडे अधिक, तर दुसरीचे सुमारे पाच टन आले. हा सारा फरक पिकांच्या जोडीमुळेच पडला असे म्हणणे चुकीचे ठरेल. निचरा, बियाणे व खत यांचाही त्यात वाटा आहे. परंतु जमीन तीच, आभाळही तेच. पावसाच्या पाण्याचा व जमिनीतील ओलीचा किती भाग पिकाच्या कामी लावला जातो, यावर उत्पादन किती अवलंबून असते, हे त्यावरून दिसते.

ज्वारी-तुरीची जोडी का साधते, हे समजून घेण्यासारखे आहे. तूर पहिले दोन महिने अगदी संथपणे वाढते. तेवढ्यात ज्वारी वर येऊन ऊन, पाणी व खत वापरते आणि कापली जाते. त्यानंतर मोकळ्या झालेल्या वावरात तूर पसरते व आपल्या खोल मुळांनी खालच्या थरातील ओल उचलून पौषापर्यंत उभी राहते. एकाच अंथरुणात रात्रपाळी व दिवसपाळीचे दोन कामगार झोपावेत, तसा हा प्रकार आहे. योग्य ओळी राखल्या, तर ज्वारीचे उत्पन्न एकट्या ज्वारीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास टिकते आणि तुरीचे एकट्या तुरीच्या निम्म्याहून अधिक मिळते. म्हणजे दोन्ही पिके वेगवेगळी पेरून एवढे उत्पन्न काढावयाचे, तर एक एकराऐवजी सुमारे दीड एकर जमीन लागेल. ज्याच्यापाशी जमीनच तोकडी आहे, त्याच्या दृष्टीने या दीडपटीचे मोल काय, हे निराळे सांगावयास नको.

त्याहूनही महत्त्वाचा निष्कर्ष धोक्याविषयीचा आहे. याच संस्थेतील राव व विली या संशोधकांनी १९८० साली ज्वारी-तुरीच्या ९४ प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून असे पाहिले, की उत्पन्न एका ठरावीक किमान पातळीखाली किती वेळा घसरते. एकटी तूर पाच वर्षांतून एकदा हात दाखविते. एकटी ज्वारी आठ वर्षांतून एकदा. आणि दोहोंची जोडी छत्तीस वर्षांतून एकदा. सावकाराचे कर्ज नेमके त्या पाचव्या वा आठव्या वर्षी डोक्यावर बसते आणि पुढे उतरत नाही. तेव्हा छोट्या शेतकऱ्याच्या हिशेबात सरासरी नफ्याइतकीच, किंबहुना अधिक, किंमत या छत्तीसाच्या आकड्याला आहे.

जमिनीच्या ताकदीचाही हिशेब मांडता येतो. तुरीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र पकडतात, तिचा पाला वावरातच गळतो, आणि मुळांतून पाझरणारी आम्ले लोहाशी जखडलेले स्फुरद मोकळे करतात. तुरीमागून घेतलेल्या मक्याला हेक्टरी सुमारे ४० किलो नत्र दिल्याइतका फायदा होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. ‘तुरीचा बेवड चांगला’ या गावच्या बोलीचा हा शास्त्रीय तर्जुमा होय.

हे ज्ञान छोट्या शेतकऱ्याला नव्हते असे नाही. १९७५ पासून इक्रिसॅटने ज्या सहा गावांची वर्षानुवर्षे पाहणी केली, त्यांत सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कलमण आणि अकोल्याकडील कंझरा व किनखेड ही चार गावे महाराष्ट्रातील होती. मोठ्या शेतकऱ्यांपेक्षा छोट्यांच्या जमिनीत मिश्रपिकांचे प्रमाण अधिक, आणि ओलिताची सोय येताच एकेरी पिकाकडे कल, असे त्या पाहणीत दिसून आले. विविधता ही मागासलेपणाची खूण नसून तुटपुंज्या साधनांचा विचारपूर्वक केलेला वापर होता.

नफ्याची बाजू

आता नफ्याकडे वळू. येथे प्रामाणिकपणा हवा. ज्याची जमीन खोल काळी आहे आणि ज्याच्याकडे परतीचा पाऊस चांगला झाला, त्याला सोयाबीननंतर हरभरा घेता येतो, आणि अशा चांगल्या वर्षी ही जोडी कोणत्याही आंतरपिकाला रुपयांत मागे टाकू शकते. हे नाकारून शेतकऱ्यापुढे गेले, तर तो उपदेश ऐकून घेईल व घरी जाऊन सोयाबीनच पेरील. परंतु ही जोडीही सालोसाल त्याच वावरात फिरू लागली, की तिचे व्याज चुकवावे लागते. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते. मूळकूज व खोडकूज दोन्ही पिकांना लागतात. कडबा नसल्याने जनावरे विकावी लागतात आणि जनावरांबरोबर शेणखतही जाते. कापसावर कापूस घेण्याची शिक्षा २०१७ साली गुलाबी बोंडअळीने दिली. फरदड राखून मार्च-एप्रिलपर्यंत उभा ठेवलेला कापूस हे त्या अळीचे माहेरघर ठरले.

मध्यम प्रतीच्या जमिनीत, जेथे रब्बीची शाश्वती नाही, तेथील चित्र निराळे आहे. उदाहरणादाखल तीन एकरांचा हिशेब करून पाहावा. उत्पन्नाचे आकडे गृहीत आहेत, गावागणिक ते बदलतील. एका शेतकऱ्याने तिन्ही एकरांत सोयाबीन पेरले व एकरी ७ क्विंटल काढले. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये धरला, तर त्याचे २१ क्विंटलांचे १,०२,७३२ रुपये होतात. परंतु त्या वर्षीच्या हंगामात बाजारातील भाव हमीभावाच्या बराच खाली होता. तो ४,१०० धरला, तर हाती ८६,१०० रुपये येतात. साडेसोळा हजारांची तूट. दुसऱ्याने सोयाबीनच्या ओळींत तूर घातली व एकरी ५ क्विंटल सोयाबीन आणि अडीच क्विंटल तूर काढली. सोयाबीन ४,१०० ने व तूर त्या वर्षीच्या ७,५५० रुपये हमीभावाने गेली, तर त्याला १,१८,१२५ रुपये मिळतात. तुरीचाही भाव ६,००० पर्यंत कोसळला, तरी १,०६,५०० रुपये येतात. म्हणजे दोन्ही पिकांचे भाव पडूनही तो, पूर्ण हमीभाव मिळालेल्या पहिल्या शेतकऱ्याच्या थोडा पुढेच राहतो. तुरीची फवारणी, कापणी व झोडणी यांचा जादा खर्च यातून वजा करावा लागेल हे खरे. पण घरची वर्षाची डाळ, चुलीला तुराट्या आणि जमिनीत राहिलेला पालापाचोळा ही जमेची बाजू कोणत्याच पावतीवर येत नाही.

ज्वारी या हिशेबात धान्याच्या भावाने नेहमी हरते. परंतु ज्याच्या दावणीला दोन जनावरे आहेत, त्याने कडबा विकत घेऊन पाहावा, म्हणजे ज्वारीचे निम्मे मोल कोठे दडलेले असते ते कळते. मूग किंवा उडीद साठ-सत्तर दिवसांत काढून त्यामागे रब्बी ज्वारी पेरण्याची सोलापूरकडील रीत याच शहाणपणातून आलेली आहे : पहिले पीक रोख पैसा व बेवड देते, दुसरे भाकरी व कडबा.

श्रमाचा प्रश्न

विविध पीकपद्धतीवर सर्वांत वजनदार आक्षेप श्रमाचा आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात मका-सोयाबीन या दोन पिकांच्या रूढ फेरीची तुलना ओट, क्लोव्हर व लसूणघास यांचा समावेश असलेल्या तीन व चार सालांच्या फेरीशी करण्यात आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे लांब फेऱ्यांत रासायनिक खत व तणनाशक यांचा वापर कितीतरी घटला, मका व सोयाबीनचे उत्पन्न घटले नाही, नफा जवळपास तेवढाच राहिला. मात्र श्रम अधिक लागले. अर्थशास्त्राच्या भाषेत, विकत घेतलेल्या रसायनांची जागा श्रमाने व ज्ञानाने घेतली. आयोवाच्या शेतकऱ्यापाशी जमीन मुबलक व माणसे थोडी; त्याला ही अदलाबदल जड वाटली तर नवल नाही. कोरडवाहू महाराष्ट्रातील छोट्या शेतकऱ्याची अवस्था उलट आहे. त्याच्यापाशी जमीन थोडी आणि घरचे श्रम वर्षातील कित्येक महिने रिकामे. १९५० नंतरच्या दशकातील शेती व्यवस्थापन पाहण्यांत लहान शेतांचे एकरी उत्पादन मोठ्या शेतांहून अधिक दिसले होते, आणि १९६२ साली अमर्त्य सेन यांनी त्याची जी मीमांसा केली, तिचे मर्म हेच होते : घरच्या श्रमाला मजुरीचा बाजारभाव लावला जात नाही, म्हणून छोटा शेतकरी जमिनीत अधिक श्रम ओततो. एकेरी सोयाबीनने हे बळच त्याच्या हातून काढून घेतले. शंभर दिवसांचे काम उरले, आणि बाकीचे दिवस ऊसतोडीची वा शहराची वाट.

येथेही एक सावधगिरी हवी. घरचे श्रम म्हणजे प्रत्यक्षात बहुतांशी घरातील स्त्रियांचे श्रम. खुरपणी, मुगाच्या शेंगांची तोडणी, कापसाची वेचणी ही कामे त्यांच्याच वाट्याला येतात, आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव बहुधा नसते. विविध पिकांचा नफा पुरुषाच्या खात्यात आणि वाढलेले काम स्त्रीच्या पाठीवर, असे होणार असेल, तर त्याला प्रगती म्हणता येणार नाही. लहान यंत्रे, सामुदायिक मळणी आणि जमिनीवर संयुक्त नाव या मागण्या म्हणूनच पीकपद्धतीच्या मागणीपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

मग शेतकरी तसे का करीत नाही?

पुरावा इतका स्पष्ट असताना शेतकरी एकेरी पिकाकडे का वळतो? अज्ञान हे त्याचे उत्तर नव्हे. उत्तर बाजाराच्या व धोरणाच्या रचनेत आहे. उसाचे उदाहरण घ्यावे. राज्याच्या पिकाखालील जमिनीपैकी सुमारे चार टक्के जमिनीवरील ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो, याबद्दल दरवर्षी हळहळ व्यक्त होते. परंतु ऊस हे असे पीक आहे, की ज्याला गिऱ्हाईक ठरलेले, भाव कायद्याने ठरलेला, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. हे पैसे वेळेवर मिळविण्यासाठी आंदोलने करावी लागतात, हे खरे. तरी मागणी करावयास आधार तरी आहे. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण तो देणारा गिऱ्हाईक समोर असेलच असे नाही.

२०१५ ते २०१७ या काळात हे नाटक सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. २०१५ साली तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. सरकारने कडधान्ये पेरा म्हणून सांगितले. शेतकऱ्याने ऐकले, पाऊसही झाला, देशाचे तुरीचे उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून एका वर्षात ४८ लाख टनांच्या घरात गेले. आणि २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, बाजारात तूर ५,०५० रुपयांच्या आधारभावाच्या खूप खाली गेली. शास्त्रज्ञाने सांगितलेली, सरकारने पुरस्कारलेली फेरपालट करणारा शेतकरीच त्या वर्षी शिक्षेस पात्र ठरला. पुढे २०२१ पासून तुरीची आयात निर्बंधमुक्त झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्यालाही ते दार उघडले गेले. शहरातील ग्राहकाला डाळ परवडली पाहिजे याविषयी दुमत नाही. परंतु त्या स्वस्ताईची भरपाई कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून का व्हावी, याचे उत्तर कोणी देत नाही.

पंजाबचा अनुभव हेच सांगतो. १९८६ साली सरदारा सिंग जोहल यांच्या समितीने गहू-भाताखालील २० टक्के क्षेत्र अन्य पिकांकडे वळवावे अशी शिफारस केली. शिफारस कागदावर राहिली, भात वाढत गेला व भूजल खोल गेले. कारण सरकारी खरेदीची खात्री गहू-भातालाच होती. उपदेशाने पीक बदलत नाही, खात्रीने बदलते.

दुसरी अडचण जमिनीच्या हक्काची. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातील गहू, सलगम, जव व क्लोव्हर अशी चार सालांची प्रसिद्ध फेरपालट दीर्घ मुदतीच्या करारांच्या आधाराने पसरली. कित्येक करारांत पिकांचा क्रमही लिहिलेला असे. आपल्याकडे बटाईने वा मक्त्याने जमीन कसणाऱ्याचा करार तोंडी व एका सालापुरता असतो, कारण कूळ लागेल ही मालकाची धास्ती. पुढल्या साली हे वावर आपल्या हाती राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तिसऱ्या सालासाठी बेवड का राखावा? तिसरी अडचण कर्जाची व विम्याची. पीककर्ज एका हंगामाचे, वर्षाच्या आत फेडावयाचे. विमा अधिसूचित पिकाला. तीन सालांच्या फेरीला कर्ज नाही आणि विमाही नाही. सगळी यंत्रणा एका हंगामाच्या मापाने बेतलेली असताना शेतकऱ्याने मात्र तीन सालांचा विचार करावा, ही अपेक्षा हास्यास्पद आहे.

कार्यकर्त्याचे काम

यातून मार्ग निघू शकतो, याचा दाखला ओडिशाने दिला आहे. तेथील सरकारने २०१७ साली भरडधान्यांसाठी मोहीम हाती घेतली. नुसता प्रचार न करता नाचणीची हमीभावाने खरेदी केली, ती रेशनवर दिली व काही जिल्ह्यांत अंगणवाडीतील मुलांच्या आहारात तिचे लाडू आणले. पेरणारा, विकत घेणारा व खाणारा या तिघांची साखळी सरकारने जोडली, तेव्हा नाचणी पुन्हा वावरात आली. महाराष्ट्रात ज्वारी व तूर यांच्यासाठी हेच का होऊ नये? शाळेतील पोषण आहार, आश्रमशाळा, वसतिगृहे, रेशन दुकाने या सर्वांतून ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण यांना कायमचे गिऱ्हाईक मिळेल, आणि खरेदी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात झाली तर वाहतुकीचा खर्चही वाचेल.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. कडधान्य व ज्वारी यांच्या हमीभावाला खरेदीचे कायदेशीर बंधन. आयातशुल्काचा निर्णय पेरणीपूर्वी व निदान एका पूर्ण हंगामापुरता. बटाईदाराला मालकीला धक्का न लावता निदान तीन सालांचा लेखी हक्क. आणि ठरलेली फेरी पाळणाऱ्याला तीन सालांचे, वर्षागणिक फेडीची लवचीकता असलेले पीककर्ज.

परंतु मागणीबरोबर अभ्यासही हवा, आणि तो गावातच करता येण्यासारखा आहे. गावनमुना बारामध्ये प्रत्येक गटात कोणते पीक किती क्षेत्रावर होते याची साल-दरसाल नोंद असते. मिश्रपिकासाठी त्यात स्वतंत्र रकाने आहेत. २०२१ पासून ई-पीक पाहणीत ही नोंद शेतकरी स्वतःच करतो. एखाद्या गावातील वीस छोट्या खातेदारांचे गेल्या पाच सालांचे उतारे समोर घ्यावेत. कोणत्या वावरात तेच पीक किती वेळा आले ते पाहावे. खत, फवारणी, मजुरी, कडबा व घरी खाल्लेले धान्य यांसह प्रत्येकाचा तीन सालांचा जमाखर्च त्या-त्या घरातील स्त्री-पुरुष दोघांना बसवून मांडावा. ज्यांनी फेरपालट राखली व ज्यांनी नाही, त्यांची तुलना गावच्या चावडीत वाचून दाखवावी. कोणत्या जमिनीत कोणती फेरी परवडते याचे उत्तर प्रत्येक गावात वेगळे येईल, आणि ते तसेच यावे. तालुक्याच्या कचेरीपुढे ठेवावयाच्या निवेदनाला अशा वीस घरांच्या हिशेबाहून भक्कम आधार दुसरा नाही.

यंदा कशाला भाव राहील, हा प्रश्न शेतकरी विचारीत राहणारच. त्याचे पोट त्यावर आहे. त्याचे उत्तर पेरणीपूर्वी देण्याची जबाबदारी शासनाची आहे, आणि ती शासनाकडून पार पाडून घेणे हे चळवळीचे काम. ते झाले, तर दुकानापुढे उभ्या असलेल्या तीन एकरांच्या धन्याला आपला जुना प्रश्न पुन्हा विचारण्याची उसंत मिळेल : या वावराला बेवड कशाचा आहे?